पुणे त्यांचेच कसे?

पुणे म्हटले की काय आठवते? विद्येचे माहेरघर, सांस्कृतिक राजधानी, शनिवारवाडा, दुपारी एक ते चार बंद असणारे दुकान आणि गिऱ्हाईकाचा पाणउतारा करणारी पुणेरी पाटी. नाटक, सिनेमा, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आणि आता मोबाईलवरचे विनोद, या साऱ्यांनी हेच पुणे वर्षानुवर्षे घोळवले आहे. तीन-चार पेठांतील एका वर्गाच्या राहणीला संपूर्ण शहराचे नाव देऊन टाकले आहे. या चित्रात नाना पेठ नाही, भवानी पेठ नाही, ताडीवाला रोड नाही, दांडेकर पुलाजवळची वस्ती नाही, खडकीचा दारूगोळा कारखाना नाही. लाखो माणसे जिथे राहतात आणि राबतात, ते पुणेच पुण्याच्या चित्रातून गायब आहे!

हे प्रकरण केवळ विनोदाचे असते तर आम्ही त्यावर शाई खर्च केली नसती. परंतु शहराची प्रतिमा ज्याच्या हाती, त्याच्याच हाती त्या शहराचा इतिहास जातो. आणि इतिहास हातचा गेला की त्या शहरात आपण पाहुणे ठरतो.

‘विद्येचे माहेरघर’ हीच बिरुदावली घ्या. हे माहेरघर बांधले कुणी? पेशवाईत याच पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता. विद्या तर दूरच, त्याची सावलीसुद्धा विटाळ मानली जात होती. मग १८४८ साली बुधवार पेठेतील भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. शाळेत जाणाऱ्या सावित्रीमाईंवर शेणगोळे फेकणारेही याच शहराचे होते. पुढे वेताळ पेठेत अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे ही मातंग समाजाची कोवळ्या वयाची मुलगी. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. पुणे विद्येचे माहेरघर असेल तर ते या माणसांमुळे आहे. आज मात्र बिरुद मिरवणारे वेगळे आणि शेण झेललेले वेगळे, असा प्रकार आहे.

भिडेवाड्याचे काय झाले तेही पाहा. समोरच्या दगडूशेठ गणपतीला दरवर्षी लाखो लोक येतात. रस्त्यापलीकडे मुलींच्या शिक्षणाचा पाया घातलेला वाडा पडझड सोसत उभा होता. स्मारकासाठी मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, कोर्टकज्जा वर्षानुवर्षे चालला. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्ये ती जीर्ण वास्तू उतरवून स्मारकाची वाट मोकळी झाली. तोवर मूळ भिंती राहिल्या नव्हत्या. शनिवारवाड्याच्या बुरुजांची निगा राखणाऱ्या शहराला भिडेवाडा का दिसला नाही, हा प्रश्न विचारायला नको काय?

ही उपेक्षा आजची नाही. १९२५ साली केशवराव जेधे यांनी पुणे नगरपालिकेत जोतिराव फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव मांडला, तो फेटाळला गेला. त्याच वर्षी दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ निघाले आणि जेधे-जवळकरांवर खटला भरला गेला. खालच्या कोर्टात शिक्षा झाली. अपिलात त्यांची बाजू मांडून त्यांना सोडवणारे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

आता आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या खोट्या प्रतिमेला आम्हीही हातभार लावला आहे. ते पुण्याची आरती ओवाळतात, आम्ही पुण्याला शिव्या घालतो. पण दोघांच्याही डोळ्यांपुढे पुणे एकच असते. ‘पुणे म्हणजे पेशवाई’ असे म्हणून आम्ही ते शहर आमच्याच तोंडाने त्यांच्या नावावर करून देतो. अरे, १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणाऱ्या जोतिरावांचे पुणे कुणाचे? १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला ते पुणे कुणाचे? लहुजी वस्तादांच्या तालमीचे पुणे कुणाचे? १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ काढणाऱ्या शिवराम जानबा कांबळे यांचे पुणे कुणाचे? १९२९ साली पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी दगड खाल्लेल्या सत्याग्रहींचे पुणे कुणाचे? आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी जिथे स्वहस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली ते देहूरोड पुण्यापासून किती लांब आहे?

बाबासाहेबांनी स्वतः हा धडा घालून दिला आहे. धम्मदीक्षेसाठी नागपूर निवडले तेव्हा संघाच्या गावात मुद्दाम दीक्षा घेतली, अशी चर्चा लोकांनी सुरू केली. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी ती खोडून काढली आणि सांगितले, हे नाग लोकांचे नगर आहे, म्हणून निवडले. विरोधकाने लावलेली ओळख त्यांनी मान्यच केली नाही. शहराची जुनी ओळख त्यांनी शोधली, आणि आज नागपूर म्हटले की करोडो लोकांना दीक्षाभूमी आठवते.

प्रतिमेची किंमत कोण मोजतो ते आम्ही जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातून स्पर्धा परीक्षेसाठी आलेल्या पुतण्याला घेऊन आम्ही खोली शोधत फिरलो. एका घरी सारे ठरत आले. मालकीणबाईंनी चहा दिला आणि विचारले, “आडनाव काय म्हणालात?” आडनाव सांगितले. “थांबा हं, यांना विचारते,” म्हणून त्या आत गेल्या. बाहेर आल्या त्या, खोली कालच दिली गेली हे आठवूनच. आमची जात कुणीच विचारली नाही; पुणे सुसंस्कृत शहर आहे ना! पुतण्या शेवटी येरवड्यातील नात्यातल्या एका घरी राहिला आणि वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत रात्र रात्र वाचत बसला. त्याच्यासाठी विद्येचे माहेरघर ते विहार होते.

या शहराचा कचरा कोण उचलते, हेही त्या चित्रात नसते. १९९३ साली कचरावेचक कष्टकऱ्यांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली. त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. त्यात बहुसंख्य आपल्याच मायबहिणी आहेत. स्वच्छ पुण्याचे कौतुक होते तेव्हा त्यांचे नाव कितीजण घेतात?

म्हणून आमचे वाचकांना सांगणे आहे. पुण्याला पाहुणे आले तर त्यांना आधी गंज पेठेत, महात्मा फुले वाड्यात न्या. नाना पेठेतला महर्षी शिंद्यांचा अहिल्याश्रम दाखवा. आपापल्या वस्तीतल्या वृद्धांना बसवून वस्ती कशी वसली, विहार कुणी बांधले, पहिला मॅट्रिक कोण झाला, हे वहीत उतरवून घ्या. आणि पुण्याला पाट्यांची एवढी हौस आहेच, तर आपणही पाट्या लावू. इथे शाळा भरली, इथे मोर्चा अडवला, इथे सभा झाली, अशी पाटी गल्लोगल्ली लागली पाहिजे. ती वाचून पुढची पिढी आडनाव सांगताना मान खाली घालणार नाही. हे शहर आपलेही आहे, हे आधी आपल्याला पटले पाहिजे.