खाणमालकांची निवेदने आणि खाणीकाठची गावे

अर्थसंकल्पाचे दिवस जवळ आले की दिल्लीतील मंत्रालयांकडे निवेदनांची रीघ लागते. खनिज आणि धातू उद्योगांतील संघटना त्यांत कधी मागे नसतात. खाणमालकांची संघटना म्हणते, लोहखनिजावर निर्यातकर नको, देशाला परकीय चलन हवे आहे. पोलाद कारखानदारांची संघटना म्हणते, हे खनिज देशाबाहेर जाऊ देऊ नका, देशाला पोलाद हवे आहे. दोघांच्याही मुखी राष्ट्रहित असते. राष्ट्र एकच, पण त्याचे हित मात्र दोन निवेदनांत दोन दिशांना तोंड करून उभे असते.

मे २०२२ मध्ये या वादाला गमतीदार वळण लागले. केंद्र सरकारने लोहखनिजावरील निर्यातकर ५० टक्क्यांवर नेला आणि ५८ टक्क्यांहून कमी लोह असलेले हलके खनिज, ज्यावर तोवर कर नव्हता, तेही त्यात ओढले. पोलादवाल्यांना आनंद व्हावा अशीच ही गोष्ट होती. परंतु त्याच आदेशाने पोलादाच्या अनेक प्रकारांवरही १५ टक्के निर्यातकर बसला. लगेच मुक्त निर्यातीचे महत्त्व त्यांनाही पटले! नोव्हेंबरमध्ये सरकारने हा वाढीव कर मागे घेतला. सहा महिन्यांत कर चढला आणि उतरला. त्या काळात कोणी कोणास काय लिहिले, कोणता युक्तिवाद सरकारला पटला आणि कोणता नाही, हे सामान्य नागरिकाला कळण्याचा मार्ग नव्हता.

धंदेवाल्यांनी संघटना करण्यात गैर काही नाही. शिक्षकांच्या संघटना आहेत, कारकुनांच्या आहेत. पण शिक्षकांची संघटना वेतनश्रेणी मागते तेव्हा ती स्वतःसाठी मागते, हे ती लपवीत नाही आणि कोणी तसे समजतही नाही. मालकांची संघटना बोलू लागली की मात्र ‘उद्योग’ बोलतो आहे असे मानले जाते. उद्योगात मालक असतो, तसा मजूर असतो, ट्रकवाला असतो, आणि ज्याच्या विहिरीचे पाणी खाणीने ओढून नेले तो शेतकरीही असतो. या सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एका संघटनेला कोणी दिला, हा प्रश्न गोव्याच्या अनुभवावरून विचारावासा वाटतो.

गोव्यात पोर्तुगिजांनी खाणींच्या सवलती जवळजवळ कायमच्या देऊन टाकल्या होत्या. मुक्तीनंतर, १९६३ साली, खनिज निर्यातदारांची संघटना स्थापन झाली. खनिज आधी जपानला आणि पुढे प्रामुख्याने चीनला जाऊ लागले. ज्या घराण्यांच्या खाणी होत्या त्यांतल्या काहींनीच गोव्यातली दैनिकेही काढली. त्या दैनिकांनी मराठीची आणि समाजाची सेवा केली हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि ज्यांच्या हाती खाण, बार्ज आणि छापखाना एकत्र होते त्यांचा आवाज गोव्यात दूरवर ऐकू जाणे स्वाभाविक होते.

१९८७ साली संसदेने कायदा करून या सवलती रद्द केल्या आणि त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर केले. हा कायदा २० डिसेंबर १९६१ पासून, म्हणजे मुक्तीच्या दुसऱ्या दिवसापासून, लागू धरण्यात आला. तारखेचा हा तपशील रुक्ष वाटेल, परंतु सारे भांडण त्यातच आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये न्या. शहा आयोगाचा अहवाल संसदेपुढे आला आणि गोव्यातील खाणकाम थांबले. पट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपली होती, त्यानंतरचे उत्खनन बेकायदा होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये दिला. त्यानंतर राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचे पुन्हा नूतनीकरण केले. तेही फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने रद्द केले. तेव्हा मागणी पुढे आली की कायदा १९६१ पासून नव्हे, १९८७ पासून लागू धरावा. तसे झाले असते तर पन्नास वर्षांच्या हिशेबाने पट्टे २०३७ पर्यंत चालले असते.

ही मागणी सरळसरळ पट्टेदारांच्या फायद्याची होती. पण ती घेऊन २०१८ च्या डिसेंबरात दिल्लीत धरणे धरायला गेले ते खाणअवलंबित! त्यांना दोष देता येत नाही. बँकेचे कर्ज काढून ट्रक घ्यायचा, तो अंगणात गंजत ठेवायचा आणि हप्ता मात्र भरायचा, अशी पाळी ज्याच्यावर आली तो खाण सुरू करा असेच म्हणणार. त्याची चूल खरी होती. मात्र चूल पेटण्यासाठी खाण सुरू होणे पुरेसे होते. ती त्याच जुन्या पट्टेदाराकडे, लिलावाविना राहणे आवश्यक नव्हते. या दोन गोष्टी एकच आहेत असे भासविण्यात यश आले. चीनच्या मागणीच्या भरभराटीत, जेव्हा पूर्वीच्या टाकाऊ ढिगांनाही गिऱ्हाईक मिळू लागले होते, तेव्हाचा नफा खाजगी राहिला. खाणी बंद पडल्यावर कर्जदारांना सवलत आणि ट्रकवाल्यांना मदत देण्याच्या योजना मात्र राज्याच्या तिजोरीतून काढाव्या लागल्या.

ज्यांना कोणतीच संघटना नाही त्यांचे काय होते, हे सोनशी गावाने दाखवून दिले. सत्तरी तालुक्यातले हे लहानसे गाव. रोज दारावरून जाणाऱ्या खनिजाच्या ट्रकांची धूळ, पिण्याच्या पाण्याची टंचाई, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. २०१७ च्या एप्रिलमध्ये ग्रामस्थांनी ट्रक अडविले आणि चाळीसहून अधिक स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. त्यांचे निवेदन कोणी आलिशान कागदावर टंकलिखित केले नव्हते.

केंद्र सरकारने २०१४ साली ठरविले होते की कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा प्रसिद्ध करावा. हे धोरण पाळणे वा न पाळणे मंत्रालयांच्या मर्जीवर राहिले. खनिज कायद्याच्या बाबतीत ते बंधनकारक करावे, आणि नुसता गोषवारा नव्हे, तर प्रत्येक संघटनेचे मूळ निवेदन छापावे. कराचे बदल आधी जाहीर करता येत नाहीत हे खरे. परंतु अर्थसंकल्प मांडून झाल्यावर त्याआधीची निवेदने उघड करण्यात कोणते गुपित फुटते? त्यांत मागणीबरोबर सभासदांची यादी असावी, म्हणजे अमुक सवलतीचा लाभ कोणास, हे शाळेतल्या मुलालाही ताडता येईल. आणि कोणत्याही संघटनेने अवलंबितांची संख्या आपल्या मागणीच्या आधारास घेतली, तर खाणीमुळे पाणी आणि शेती गमावलेल्यांची संख्याही त्याच कागदावर देण्याचे बंधन तिच्यावर असावे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२२ च्या अखेरीस गोव्यात खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या पहिल्या पट्ट्यात काम पुन्हा चालू झाले. लिलाव झाला हे चांगलेच झाले. परंतु त्या पट्ट्याच्या नकाशात माणसांची घरे, देवळे आणि शेते आली आहेत. ती वगळावीत अशी मये, मुळगाव, शिरगाव येथील ग्रामस्थांची मागणी आहे. ही मागणी दिल्लीच्या कोणत्या टेबलावर, कोणाच्या सहीने ठेवायची, हे अद्याप त्यांना कोणी सांगितलेले नाही.