उलटून बोलणारा हवा

मराठी पॉडकास्ट हल्ली फार सभ्य झाले आहेत. दोन खुर्च्या, दोन माइक, मागे कुंडीतलं झाड आणि दीड-दोन तास ‘तुमचा प्रवास’. पाहुणा स्वतःची आरती ओवाळून घेतो, यजमान टाळ धरतो आणि ऐकणाऱ्याच्या ओठांवर आलेला प्रश्न तसाच राहतो. यजमानाचीही पंचाईत असतेच. आज एकाला दुखावलं तर पुढच्या आठवड्यात दुसरा येईल कशाला? अमेरिकी रेडिओने या पंचाइतीवर नव्वदेक वर्षांपूर्वीच तोडगा काढला होता. तो लाकडाचा होता.

1903 साली शिकागोत जन्मलेला एडगर बर्गन हा शब्दभ्रमकार स्वभावाने बुजरा. थिओडोर मॅक नावाच्या सुताराकडून त्याने तरुणपणी एक बाहुला करून घेतला. त्याचं नाव चार्ली मॅकार्थी. डोक्यावर उंच हॅट, अंगात उंची कोट, एकाच डोळ्यावर भिंग आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही. डिसेंबर 1936मध्ये ही जोडी गायक रूडी व्हॅलीच्या रेडिओ कार्यक्रमात आली आणि मे 1937पासून एका कॉफी कंपनीच्या रविवारच्या कार्यक्रमाचं मुख्य आकर्षण झाली. पुढे 1956पर्यंत ती रेडिओवर होती.

रेडिओवर शब्दभ्रम म्हणजे काय, असं कुणालाही वाटेल. ओठ हलले काय नि न हलले काय, बघतंय कोण? खरं तर बर्गनचे ओठ हलायचेच आणि त्यावरून भर कार्यक्रमात त्याची टर उडवायचा तो चार्लीच. हातचलाखी बाजूला पडली आणि उरली दोन स्वभावांची झटापट. मालक मवाळ, थोडा अडखळणारा, उपदेशाकडे झुकणारा. बाहुला आगाऊ, बायकांच्या मागे लागणारा, कुणाचाही मुलाहिजा न ठेवणारा. दोघांचे आवाज एकाच घशातून येताहेत हे प्रत्येकाला ठाऊक होतं, तरी भांडण खरं वाटायचं.

डब्ल्यू. सी. फील्ड्स या विनोदी नटाशी चार्लीचं हाडवैर होतं. तुझा बाप घडीचं टेबल होता म्हणे, असं फील्ड्सने एकदा विचारलं. तसं असेल तर तुझा बाप त्या टेबलाखाली पडलेला असणार, असं चार्लीने सुनावलं. फील्ड्सचं पिणं जगजाहीर होतं. हेच वाक्य बर्गनने स्वतःच्या तोंडाने म्हटलं असतं तर पाहुणा उठून गेला असता. बाहुल्याने म्हटलं, म्हणून फील्ड्सला पुन्हा त्याच्यापुढे उभं राहावंसं वाटलं.

ही मुभा किती मोठी होती, हे 12 डिसेंबर 1937च्या रात्री कळलं. नटी मे वेस्ट पाहुणी होती. आदम आणि ईव्हवरचा एक प्रवेश आणि चार्लीशी केलेली चावट लगट यांवरून देशभर गदारोळ उठला. कार्यक्रम प्रसारित करणाऱ्या एनबीसी कंपनीने आपल्या केंद्रांवरून तिचं नावही उच्चारायचं नाही असं ठरवलं. लगट दोन्ही बाजूंनी झाली होती. शिक्षा बाईला झाली, बाहुला मात्र कार्यक्रमात कायम राहिला. यात बाई असणं आणि बाहुला असणं या दोन्ही गोष्टींचा वाटा आहे आणि त्याबद्दल हसू येण्यासारखं काही नाही. त्याच सुमारास हॉलिवूडने मात्र बर्गनला मानाचं ऑस्कर दिलं. तेही लाकडी, तोंड उघडमीट करणारं.

घरात हा खेळ इतका गमतीचा नव्हता. बर्गनची मुलगी, अभिनेत्री कँडिस बर्गन हिने आपल्या आठवणींत लिहिलं आहे की, 1978 साली वडील गेल्यावर मृत्युपत्र उघडलं, तेव्हा चार्लीसाठी 10 हजार डॉलर ठेवलेले निघाले. तिच्यासाठी काही नव्हतं.

आजच्या पॉडकास्टमध्ये या परंपरेची दोन रूपं ऐकायला मिळतात. अमेरिकी विनोदकार स्कॉट ऑकरमन 2009पासून चालवतो त्या ‘कॉमेडी बँग! बँग!’मध्ये खऱ्याखुऱ्या पाहुण्याच्या गप्पा चालू असतात आणि मध्येच एखादं सोंग येऊन टपकतं. कल्पित माणूस, खरा आवाज. ऑकरमन त्याला गंभीरपणे प्रश्न विचारत राहतो आणि खरा पाहुणा आपला औपचारिकपणा विसरतो. दुसरं रूप ब्रिटनमधलं. विनोदी नट स्टीव्ह कूगनने 1991 साली बीबीसी रेडिओ 4वर ॲलन पार्ट्रिज हा आत्मसंतुष्ट निवेदक जन्माला घातला आणि 2020मध्ये त्याला स्वतःचा पॉडकास्ट दिला. तिथे अडवायला बर्गनच नाही. सोंगानेच यजमानाला खाऊन टाकलं आहे. पार्ट्रिज घरातून बडबडत राहतो आणि त्याच्या बढाया पकडायचं काम ऐकणाऱ्यावर येतं. तरी एकट्या पार्ट्रिजपेक्षा बर्गन-चार्लीची जोडी श्रेष्ठ, असं या स्तंभाचं मत. त्या जोडीत लाज वाटणारा एक माणूस समोर असतो.

आणि हे सगळं परक्यांकडून शिकावं लागावं, अशी आपली स्थिती नाही. तमाशातला सोंगाड्या राजाला त्याच्या तोंडावर चिमटे काढत आला आहे. शब्दभ्रमकार यशवंत पाध्यांचा बोलका बाहुला अर्धवटराव शंभरी ओलांडून गेला आणि रामदास पाध्यांनी त्याला घरोघरी नेलं. लेखक जयवंत दळवींनी ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ होऊन साहित्यिकांच्या टोप्या उडवल्या. त्यांपैकी अनेकांशी दळवींची ऊठबस होती. नाटककार गडकऱ्यांना विनोदासाठी बाळकराम व्हावंसं वाटलं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची आणि तो दुसरा आपणच असायचं, ही युक्ती मराठीत मुरलेली आहे.

मग पॉडकास्टमध्ये ती का दिसत नाही? प्रयत्न झाले तर बहुतेकदा घात एकाच जागी होतो. यजमान आवाज बदलून एक खोडकर पात्र उभं करतो, पण ते पात्र पाहुण्याला आणि गैरहजर लोकांनाच टोचत राहतं. यजमानाला हातही लावत नाही. चार्लीची पहिली शिकार बर्गन होता. त्याचं टक्कल, त्याचा चिक्कूपणा, त्याचे हलणारे ओठ. मालकाची इतकी शोभा झाल्यावर पाहुण्याला आपली थट्टा सोसायला संकोच उरत नसे. शिवाय ती भांडणं आयत्या वेळी सुचत नव्हती, लेखक आठवडाभर राबून ती लिहीत. आपल्याकडे कॅमेऱ्यावर, दिव्यांवर खर्च होतो. लिहिणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत शोधावं लागतं.

तेव्हा पॉडकास्ट चालवणाऱ्यांना एक विनंती. पुढचा माइक घेण्याआधी एक लेखक नेमा, त्याला वेळेवर पैसे द्या आणि तुमच्यावरच पहिले दहा विनोद लिहायला सांगा.

– कानसेन