वर्णम् आणि वहीतले अर्थ

आमची एक विद्यार्थिनी सध्या अरंगेत्रमच्या तयारीत आहे. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा सारा मार्ग तिला एकटीने पेलायचा आहे. अडवूंची वा दमसासाची तिला धास्ती नाही. तिची अडचण वर्णम्‌पाशी आहे. तेलुगू साहित्य तिने वहीत देवनागरीत उतरवले असून प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिला आहे. वर्णम्‌मध्ये एकच ओळ पुनःपुन्हा गायली जाते आणि नर्तकीने दर वेळी तिच्यातून नवा भाव उलगडायचा असतो. संबोधनातला रुसवा कानाला कळत नसताना हे करणे म्हणजे शब्दकोश हाती धरून कविता वाचणे. (कवितेच्या तासाला आम्हीही कधीकधी याहून वेगळे काही करत नाही, ते असो.)

आमचे मत असे, की तिने हे वर्णम् करावेच. पण तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या (कारकीर्द १७९८-१८३२) मराठी निरूपणांतील एखादी रचनाही घ्यावी. आजच्या मार्गाला ज्यांनी आकार दिला ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे बंधू त्याच दरबारातले. सुचेता भिडे-चापेकर यांनी या रचना अभ्यासून रंगमंचावर आणल्या आहेत.

हा सल्ला देताना आम्ही मात्र ओशाळलो. एम.ए.च्या वर्गात तंजावरचे नाव आम्ही नाटकाच्या इतिहासापुरते घेतले. निरूपणे काव्य म्हणून कधी वाचलीच नाहीत. ती संहिता आपल्या ग्रंथालयात आहे का, असे तिने लगेच विचारले. नव्हती. मागणीपत्र आम्ही काल भरले.