दोन वाशी आणि एक प्रवाळाची टाकी

मंडळी, आधीच सांगतो, आमचं वाशी म्हणजे खाडीकाठची नवी मुंबईतली वाशी नव्हे. आमचं धाराशिव जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या अंगावरचं. तिकडच्या वाशीत माझा भाचा नोकरी करतो. दोनशे लिटरच्या टाकीत त्याने प्रवाळ पाळलेत आणि आता घरून काम मिळाल्यामुळे टाकीसकट इकडे यायचं म्हणतोय. घरात सध्या दुसरा विषय नाही.

प्रवाळ हा प्राणी, पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्या शैवालाला झगझगीत उजेड लागतो. म्हणून टाकीवर २५० वॅटचा मेटल हॅलाइड दिवा. उजेड पाण्यात शिरला की शेवटी त्याची उष्णताच होते. पाणी मात्र २५-२६ अंशांच्या आसपास हवं. तीसच्या वर काही दिवस राहिलं तर शैवाल निघून जातं, प्रवाळ पांढरं पडतं आणि बहुधा मरतं.

मित्रांनी त्याला सांगितलं, मराठवाड्यात चाळीस अंशांत चिलरशिवाय भागणार नाही. मला हे पटत नाही. अहो, आपले माठ कशाच्या जोरावर गार राहतात? हवा कोरडी असली की पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. चाळीस अंश आणि वीस टक्के आर्द्रता असेल तर बाष्पीभवनाने पाणी बावीस-तेवीस अंशांपर्यंत उतरू शकतं. त्या वाशीत तेहेतीस अंश आणि सत्तर टक्के आर्द्रता असली तर अठ्ठावीसच्या खाली नाही. म्हणजे पृष्ठभागावर वारा मारणारा एक साधा पंखा समुद्राकाठी हरतो आणि आमच्याकडे चैत्र-वैशाखात जिंकतो! चिलर तर पाण्यातली उष्णता काढून त्याच खोलीत ओततो, वर विजेचं बिल. (पावसाळ्यात पंख्याचा जोर कमी होईल, पण तेव्हा खोलीही तितकी तापत नाही.)

मग अडचण कुठे? पाण्यात.

दिवा दहा तास जळला तर अडीच युनिट वीज. ती सगळी उष्णता वाफेने काढायची तर रोज पावणेचार लिटरच्या आसपास पाणी उडणार. खोलीच्या उष्म्याचं वेगळं. मीठ टाकीतच राहतं, म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालायची आणि आमचं बोअरचं जड पाणी चालत नाही, आरओचंच लागतं. त्यात एका लिटरमागे दोन-तीन लिटर बाहेर जातं. हिशेब बारा-पंधरा लिटरवर गेला. आईने तो ऐकला आणि म्हणाली, "ना मासा, ना झाड, आणि रोज एक घागर पाणी?"

२०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटरचं. त्यातला पाव हिस्सा शोभेच्या टाकीला द्यायचा म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघणं अवघड.

भाचा म्हणतो, समुद्रातले प्रवाळ मरताहेत, निदान घरात तरी जगवू. हे मला ओढूनताणून वाटतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी चौथं जागतिक प्रवाळ-विरंजन जाहीर केलं, ते समुद्र तापल्यामुळे. त्यावर दिवाणखान्यातली टाकी हा इलाज नाही. आपले प्रवाळ मालवणला आहेत, कायद्याने संरक्षित. ते तिथेच जाऊन बघावेत.

तरीही आणू नकोस असं मी म्हटलेलं नाही. हॅलाइड काढून एलईडी बसव म्हटलं, म्हणजे वॅट निम्म्यावर येतील, दिव्याची बरीचशी उष्णता वरच्या वर हवेत जाईल आणि वाफही कमी होईल. आरओचं वाया जाणारं पाणी भांडी-फरशीला. पंख्याला आणि पंपाला इन्व्हर्टर. आणि गावात टँकर सुरू झाले की टाकी परत खाडीकाठी, मित्राकडे. ही शेवटची अट त्याने अजून कबूल केलेली नाही. आईने मात्र न्हाणीघराशेजारची जागा झाडून ठेवलीय.