बांध जाळून काय मिळवलं?

आमचा सामाईक बांध शेजाऱ्यानं तणनाशक मारून साफ केला. "दगडीपाला लई माजला होता" म्हणे. आठवड्यात बांध करपून उघडा पडला अन् कालच्या पावसात त्याची माती घसरून माझ्या सोयाबीनच्या तासात आली. माझा राग त्याच्यावर कमी, 'स्वच्छ बांध' या खुळावर जास्त.

दगडीपाला म्हणजे कंबरमोडी, कोणी एकदांडी म्हणतं. पाला जमिनीसरशी पसरतो, फूल मात्र वीतभर उभ्या दांड्यावर. मध्ये पिवळं, भोवती पाचेक पांढरट पाकळ्या, टोकाला कातरलेल्या. मूळचा उष्ण अमेरिकेतला, आपला देशी नाही, कबूल. पण मुरमाड बांध, रस्त्याची कड, पडीक माळ, जिथं दुसरं काही तग धरत नाही तिथं हा राहतो. खोड जिथं टेकतं तिथं मुळ्या सोडतो, म्हणून तर माती धरतो. अन् फुलतो जवळजवळ बारा महिने. उन्हाळ्यात शिवार मोकळं असतं तेव्हा लहान मधमाश्या कुठं असतात, ते एकदा सकाळी नऊला बांधावर बसून बघा.

डाळिंबाला, कांद्याच्या डेंगळ्यांना आपण भाड्यानं मधपेट्या आणतो अन् बांधावरचं त्यांचं खाणं जाळतो! ट्रायकोकार्ड लावतो, पण त्यातून निघालेल्या प्रौढ कीटकालाही फुलातला मध लागतो, हे सांगणारा कृषी केंद्रात कोणी भेटत नाही. तिथं तणनाशकाचा डबा मिळतो.

"बी उडून शेतात येतं त्याचं काय?" येतंच की. बियांना म्हातारीसारखे केस असतात, वाऱ्यानं येणारच. पण रोप लहान असताना एका कोळपणीत जातं. शून्य मशागतवाल्यांना जड जाईल, त्यांनी बी धरण्याआधी बांध विळ्यानं कापावा. पिठ्या ढेकूण दिसला तर तेवढं झाड उपटा. पिकात हे तणच आहे, तिथं दयामाया नको. माझं भांडण बांधापुरतं आहे.

अन् दगडीपाला मेल्यावर बांध मोकळा राहतो का? शेजाऱ्याच्या पलीकडच्या बांधावर दोन वर्षं सलग फवारणी झाली. आज तिथं कमरेएवढं गाजरगवत आहे.

सामाईक बांधाचा निम्मा हिस्सा माझा. कालच मध्ये दोरी बांधली, दोरीच्या अलीकडं पंप आणायचा नाही म्हणून सांगितलंय.