एकच औषध, दोन मात्रा

आमच्या शेजारच्या घरांतील थोरल्या चिरंजीवांस त्यांच्या मातोश्रींनीं आपलें एक मूत्रपिंड दिलें आहे. गेल्या चातुर्मासांत स्वामींच्या दर्शनासाठीं त्यांचे एक आप्त अक्कलकोटास आले. त्यांचेंही मूत्रपिंड बदललेलें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर ओसरीवर दोघांनीं आपापल्या औषधांच्या डब्या उघडल्या. औषध एकच, टॅक्रोलिमस, अंगकाठीही सारखी. परंतु आप्तांची दिवसाची मात्रा ४ मिलिग्रॅम, तर चिरंजीवांची ८! वडीलधारी मंडळी चिंतेंत पडली आणि डॉक्टरांस न विचारतां मात्रा निम्म्यावर आली. पंधरा दिवसांनीं रक्त तपासलें, तों क्रिएटिनिन वाढलेलें. इस्पितळांत राहून उपचार घ्यावे लागले, तेव्हां कोठें मूत्रपिंड वांचलें.

दुसऱ्याचें मूत्रपिंड शरीरास परकें वाटतें व तें त्यावर चालून जातें. १९८४ सालीं जपानांतील त्सुकुबा येथील मातींतल्या एका सूक्ष्म जंतूपासून मिळालेलें हें औषध त्या चढाईस आवर घालतें. कमी पडलें तर मूत्रपिंड धोक्यांत. अधिक झालें तर त्याच मूत्रपिंडास अपाय होतो, हात कांपूं लागतात.

आतां, आंतडीं व यकृत हें औषध किती वेगानें मोडतात, ह्यावर तें रक्तांत किती उरावयाचें हें ठरतें. ह्या कामीं सीवायपी३ए५ नांवाच्या विकराचा मोठा हात असतो. आई वा बाप, कोणाही एकाकडून त्याचें चालतें जनुक मिळालें कीं औषध झपाट्यानें मोडतें. दोघांकडूनही निकामी आलें तर तें टिकून राहतें. म्हणून सख्ख्या भावांतही भेद पडूं शकतो. पहिल्या वर्गास आरंभींची मात्रा दीडपट ते दुप्पट द्यावी, असें २०१५ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनांत म्हटलें आहे. चिरंजीव त्याच वर्गांतले निघाले.

मातोश्रींनीं विचारलें, “मूत्रपिंड माझें, मग औषध माझ्या प्रकृतीनें कां नको?” प्रश्न मार्मिक खरा. परंतु औषध मुख्यतः मोडतें तें रोग्याच्याच आंतड्यांत व यकृतांत. तीं त्याचीं जन्माचीं. चरकाचार्यांनीं प्रकृति पाहून मात्रा ठरविण्यास सांगितलें आहे, तें मुलांस शिकवितांना आम्ही वात-पित्त-कफांपलीकडे गेलों नव्हतों, हें कबूल करतों.

जनुकांची तपासणी झाली म्हणून रक्ताची टळत नाहीं. अतिसारानें औषधाची पातळी चढते, ग्रेपफ्रूट फळानें चढते, क्षयावरील रिफाम्पिसिननें उतरते. आतां त्या घरीं तपासणीच्या दिवशीं रक्त दिल्यावरच सकाळची मात्रा घेतात, आणि डबीवर मातोश्रींनीं चिरंजीवांचें नांव ठळक अक्षरांत लिहून ठेवलें आहे.