बिल नन यांची नजर आणि १९७४ ची निवड

वाचकहो, या सदरात आम्ही एरवी कबड्डी, कुस्ती आणि क्रिकेट यांच्याबद्दल लिहितो. या वेळी जरा लांबचा पल्ला घेत आहोत. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराच्या स्टीलर्स या फुटबॉल संघाने १९७४ साली जे नवे खेळाडू निवडले, त्या निवडीची आज झाडाझडती घ्यायची आहे. आम्ही या संघाचे चाहते आहोत हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुठे माप झुकते पडले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

पहिली गोष्ट म्हणजे हा फुटबॉल आपला नव्हे. चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळायचे किंवा पुढे फेकून झेलायचा. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर चिलखतासारखे पॅड, आणि अंगावर अंग आदळण्याला पूर्ण मुभा. आपल्या कबड्डीतली पकड आणि रग्बीतली धाव एकत्र केली तर थोडाफार अंदाज येईल.

दुसरी गोष्ट निवडीची. तिला तिथे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. आयपीएलसारखा हा लिलाव नाही. गल्लीत दोन कर्णधार आळीपाळीने ‘मला हा’, ‘मला तो’ म्हणत भिडू मागून घेतात ना, तोच प्रकार. फरक इतकाच की आदल्या वर्षी जो संघ तळाला राहिला त्याला आधी मागता येते. श्रीमंत संघांनीच सगळे चांगले खेळाडू उचलू नयेत म्हणून बर्ट बेल नावाच्या संघमालकाने ही कल्पना मांडली आणि १९३६ साली पहिली निवड झाली. १९७४ साली २६ संघ होते, १७ फेऱ्या झाल्या आणि एकूण ४४२ मुलांची नावे पुकारली गेली.

पिट्सबर्ग म्हणजे पोलादाचे गाव. संघाचे नावही पोलाद घडवणाऱ्या कामगारांवरूनच पडलेले. आर्ट रूनी यांनी १९३३ साली हा संघ काढला. त्यानंतर चाळीस वर्षे संघाला एकही अजिंक्यपद मिळाले नाही. चाळीस वर्षे म्हणजे बाप हरताना पाहून थकला आणि पोरगाही हरतानाच पाहून मोठा झाला. १९६९ साली चक नोल प्रशिक्षक झाले, त्या वर्षीही १४ पैकी १३ सामने हरले. नोल शांत डोक्याचे गृहस्थ. तयार खेळाडू विकत आणण्यापेक्षा निवडीतून कोवळी मुले घ्यायची आणि घडवायची, असे त्यांनी ठरवले.

पण मुले शोधायची कुठे? इथे बिल नन यांचे नाव येते.

नन हे पत्रकार. ‘पिट्सबर्ग कुरियर’ हे कृष्णवर्णीयांचे साप्ताहिक. १९०७ साली सुरू झालेले हे पत्र एके काळी रेल्वेच्या शयनयानांत काम करणारे कृष्णवर्णीय नोकर गुपचूप दक्षिणेपर्यंत पोहोचवीत. साप्ताहिक हातोहात फिरवून वाचण्याची सवय असलेल्या आमच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. नन यांचे वडीलही याच पत्रात होते. धाकटे नन आधी खेळाचे पान पाहत आणि दरवर्षी कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतील सर्वोत्तम खेळाडूंचा एक संघ जाहीर करीत.

ही यादी का लागे? कारण अमेरिकेच्या दक्षिणेतील मोठी विद्यापीठे कृष्णवर्णीय मुलांना संघात घेतच नसत. ती मुले ग्रॅम्बलिंग, सदर्न, टेनेसी स्टेट अशा स्वतःच्या महाविद्यालयांत खेळत. तिथे मोठ्या वर्तमानपत्रांचे बातमीदार जात नसत, व्यावसायिक संघांचे पारखीही फारसे फिरकत नसत. या व्यावसायिक लीगने स्वतः १९३४ ते १९४५ या काळात एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला नव्हता. पुढे दार उघडले, तरी वॉशिंग्टनच्या संघाला आपले दार उघडायला १९६२ उजाडावे लागले.

नन स्टीलर्सवर नाराज होते. आपल्या गावचा संघ आपल्या याद्यांकडे ढुंकूनही पाहत नाही, ही त्यांची तक्रार. रूनी यांचे चिरंजीव डॅन यांच्या कानी ती गेली. त्यांनी राग धरला नाही. नन यांनाच बोलावून संघासाठी मुले शोधायचे काम दिले. १९६७ पासून थोडा वेळ आणि १९६९ पासून पूर्ण वेळ नन हे काम करू लागले. मालकाची ही कृती आम्ही मोठी मानतो. टीका करणाऱ्याला गप्प करणारे पुष्कळ असतात, त्याला कामाला लावणारे थोडे.

त्याचे फळ लगेच दिसले. १९६९ साली दहाव्या फेरीत एल. सी. ग्रीनवुड, १९७० साली तिसऱ्या फेरीत मेल ब्लाउंट, १९७१ साली पहिल्याच फेरीत फ्रँक लुईस आणि आठव्या फेरीत अर्नी होम्स. हे चौघेही कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतले. म्हणजे १९७४ ची निवड आभाळातून पडली नाही, हे आधी लक्षात घ्यावे.

आता मूळ निवडीकडे येऊ. स्टीलर्सनी त्या वर्षी २१ नावे पुकारली. पहिल्या फेरीत लिन स्वान. चेंडू झेलणारा, लहानपणी नृत्य शिकलेला. बॅलेसुद्धा! हवेत उडी घेऊन अंग वळवण्याची त्याची लकब पाहिली की ते शिक्षण वाया गेले नाही हे पटते. आपल्याकडे मुलगा नाचायला लागला की घरात कुजबुज सुरू होते, म्हणून मुद्दाम सांगितले. मात्र स्वान नावाजलेल्या विद्यापीठाचा, सगळ्यांच्या नजरेतला खेळाडू. त्याला निवडण्यात फार मोठी पारख लागली असे आम्हांला वाटत नाही. खेळाडूला दहापैकी दहा, निवडीला आठ.

दुसऱ्या फेरीत जॅक लॅम्बर्ट. उंच, पण बचावफळीच्या मधल्या जागेसाठी अंगाने किरकोळ. पारखी पाहायला गेले तेव्हा मैदानात चिखल होता, म्हणून त्याच्या महाविद्यालयाचा सराव गाड्या उभ्या करायच्या खडीच्या जागेवर चालला होता. पोरगा तिथेही अंग झोकून देत होता आणि मग अंगात रुतलेले खडे काढत बसला होता, असे सांगतात. वजनकाट्यावर जे दिसत नाही ते त्या दिवशी दिसले. त्याच मोसमात तो बचावातील सर्वोत्तम नवोदित ठरला. इथे आम्ही पारख्यांना दहापैकी दहा देतो.

तिसऱ्या फेरीचा हक्क संघाने आधीच दुसऱ्या संघाला देऊन टाकला होता. आणि चौथ्या फेरीत आला जॉन स्टॉलवर्थ. आमच्या मते सगळ्या निवडीचा गाभा इथे आहे.

स्टॉलवर्थ टस्कलूसा गावचा. त्या गावातच अलाबामा राज्याचे मोठे विद्यापीठ आहे, फुटबॉलसाठी देशभर गाजलेले. पण त्या विद्यापीठात शिष्यवृत्तीवर पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू दाखल झाला तो १९७० साली. स्टॉलवर्थ शिकला अलाबामा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात. अनेक संघांचे पारखी एकत्र त्याला पाहायला गेले, तेव्हा मैदान ओले होते. धाव मोजली, वेळ जास्त लागला. पारख्यांनी ‘मंद आहे’ असा शेरा लिहिला आणि पुढच्या गावाला निघाले. नन निघाले नाहीत. बरे वाटत नाही असे सांगून ते मागे राहिले. दुसऱ्या दिवशी कोरड्या जागेवर त्याच मुलाची धाव पुन्हा मोजली. वेळ उत्तम आला! हा सगळा किस्सा पिट्सबर्गमध्ये आजही रंगवून सांगतात.

मुलगा तोच, पाय तेच, घड्याळही तेच. बदलली ती फक्त जमीन. ‘गुणवत्ता’ हा शब्द आपल्या कानांवर रोज आदळतो. ती कुठल्या जमिनीवर मोजली, हे विचारणारा मात्र विरळा.

नोल यांना तर स्टॉलवर्थ पहिल्याच फेरीत हवा होता. तो पुढेही शिल्लक राहील, घाई करू नका, असे पारख्यांनी त्यांना पटवले. तो ८२ व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला. हा जुगार फळला म्हणून आज सगळे कौतुक करतात. पण एखाद्या संघाने मध्येच हात घातला असता तर? यासाठी आम्ही एक गुण कापतो. पुढे स्टॉलवर्थने ५३७ झेल घेतले, स्वतःची कंपनी उभारली आणि २००९ साली या संघाच्या मालकांपैकी एक झाला.

पाचव्या फेरीत विस्कॉन्सिनच्या शेतकरी घरातला माइक वेबस्टर, मधल्या जागेचा खेळाडू. त्याच्याविषयी पुढे बोलू. बाकीच्या नावांपैकी चौथ्या फेरीतला जिमी ॲलन बऱ्यापैकी खेळला. इतरांतल्या बहुतेकांची नावे आज कट्टर चाहत्यांनाही आठवत नाहीत. उगाच सगळ्या २१ नावांना आरती ओवाळण्यात अर्थ नाही.

गंमत अशी की त्या वेळी स्थानिक पत्रांना ही निवड बेताचीच वाटली. झेलणारे मिळाले, पण अमुक जागा रिकामी राहिली, तमुक खेळाडू घेतला नाही, असा सूर होता. स्वान, लॅम्बर्ट, स्टॉलवर्थ आणि वेबस्टर हे चौघेही पुढे या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. एका वर्षाच्या निवडीतून असे चार खेळाडू दुसऱ्या कुठल्याही संघाला मिळालेले नाहीत.

आणि पाचवा तर यादीतच नव्हता. डॉनी शेल, साउथ कॅरोलायना स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाचा. १७ फेऱ्या, ४४२ नावे, त्यांत याचे नाव नाही. नन यांना तो माहीत होता. निवड संपल्यावर त्याला साधा करार देऊन आणले. त्या उन्हाळ्यात लीगच्या खेळाडूंनी संप केला होता. जुने खेळाडू बाहेर असल्याने सराव शिबिरात नव्या पोरांना भरपूर खेळायला मिळाले आणि शेल प्रशिक्षकांच्या नजरेत भरला. १४ मोसम तो खेळला आणि विरोधकांचे ५१ चेंडू त्याने हवेतल्या हवेत पळवले. हॉल ऑफ फेमसाठी त्याची निवड व्हायला मात्र २०२० साल लागले.

त्या मोसमाची सुरुवात स्टीलर्सनी जो गिलियम या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला घेऊन केली. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू; आणि मेंदूची जागा कृष्णवर्णीयाला द्यायची नाही, हा तेव्हाचा अलिखित नियम. पहिल्या सहा सामन्यांत संघ एकच हरला, तरी गिलियमला बाजूला करून टेरी ब्रॅडशॉला आणले. ब्रॅडशॉने पुढे जिंकून दिले हे खरे, पण गिलियमबद्दलची हळहळ आमच्या मनातून जात नाही.

१२ जानेवारी १९७५ रोजी स्टीलर्सनी मिनेसोटाला १६-६ असे हरवून पहिला सुपर बोल जिंकला. त्यानंतर १९७६, १९७९ आणि १९८० च्या जानेवारीतही. सहा मोसमांत चार अजिंक्यपदे. १९७६ च्या सामन्यात स्वानने अवघ्या चार झेलांत १६१ यार्ड मिळवले. दोनच आठवडे आधी डोक्याला मार लागून तो रुग्णालयात होता.

डोक्याच्या माराचा विषय निघालाच आहे तर वेबस्टरकडे वळू. तो १७ मोसम खेळला. त्याची जागा अशी की प्रत्येक डावाला समोरच्याशी टक्कर ठरलेली. निवृत्तीनंतर त्याची स्मृती गेली, संसार मोडला, कधी कधी तो गाडीतच झोपे. सप्टेंबर २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी तो वारला. शवविच्छेदन करणारे डॉ. बेनेट ओमालू हे मूळचे नायजेरियाचे. त्यांनी मेंदू तपासला आणि वारंवारच्या आघातांनी झालेला रोग शोधून काढला. २००५ साली त्यांचा लेख छापून आला, तेव्हा लीगच्या डॉक्टरांनी तो मागे घ्या म्हणून तगादा लावला. शेवटी जुन्या खेळाडूंच्या दाव्यांपुढे लीगला भरपाई कबूल करावी लागली.

पण त्या भरपाईतही मेख होती. मेंदूची हानी ठरवताना कृष्णवर्णीय खेळाडूची बुद्धी मुळातच कमी होती असे धरून हिशेब केला जाई. म्हणजे समान गुण मिळाले तरी गोऱ्याला पैसे आणि काळ्याला नकार. २०२० साली केव्हिन हेन्री आणि नाजेह डेव्हनपोर्ट या दोघांनी कोर्टात दाद मागितली. दोघेही स्टीलर्सचेच जुने खेळाडू. २०२१ साली लीगने ही पद्धत सोडण्याचे मान्य केले आणि २०२२ साली कोर्टाने तशा तडजोडीला मंजुरी दिली.

त्याच २०२१ साली बिल नन यांचे नाव हॉल ऑफ फेममध्ये घेतले गेले. ते पाहायला ते हयात नव्हते. २०१४ साली वयाच्या ८९ व्या वर्षी गेले, तोवर संघाचे काम करीत होते. आणि २०२१ च्याच निवडीत कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतील एकाही मुलाचे नाव पुकारले गेले नाही. आता दक्षिणेतील मोठी विद्यापीठे कृष्णवर्णीय मुलांना हौसेने घेतात, त्यामुळे बरीच गुणी मुले तिकडे जातात, हे त्यामागचे एक कारण. तरीही शंभरावर महाविद्यालयांत एकही पोर पात्र नव्हते, हे आमच्या मनाला पटत नाही. २०२२ साली त्यांच्यातली चार मुले निवडली गेली. त्या चौघांना कुणी कुठल्या मैदानावर पळवून पाहिले, हे वाचायला आम्हांला आवडेल.